बूट चोरीला जावेत म्हणून

शनिवारी सकाळी श्यामलाबाई नॉटिंगहॅमच्या स्वयंपाकघरात जमिनीवर फतकल मारून मुलाचे बूट पॉलिश करत होत्या. आधी ब्रश, मग फडकं, मग स्वतःच्या जुन्या सुती साडीचा तुकडा. तरी समाधान होईना.

"अगं, किती घासशील?" टेबलाशी चहा पिणाऱ्या ज्ञानेश्वररावांनी विचारलं. "चामडं निघून येईल हातात."

"चोराच्या नजरेत भरायला नकोत का?" श्यामलाबाईंनी जिन्याकडे एक नजर टाकली आणि आवाज आणखी खाली आणला. "मळके बूट कोण उचलतंय!"

आपले बूट चोरीला जावेत म्हणून पहाटे उठून कुणी पॉलिश करत असेल, असं त्या अख्ख्या गल्लीत कुणाला खरं वाटलं नसतं. पण श्यामलाबाईंचा हिशेब पक्का होता. दीड महिन्यापूर्वी यतीनच्या कंपनीने 'रीस्ट्रक्चरिंग' असा मोठा शब्द वापरून त्याला घरी बसवलं होतं. दोन महिन्यांच्या आत व्हिसा देणारी दुसरी कंपनी मिळाली नाही, तर बायको, मुलगी आणि बाडबिस्तरा घेऊन परत साताऱ्याला. चार ठिकाणी इंटरव्ह्यू झाले आणि चारही ठिकाणांहून "तुम्ही फारच चांगले उमेदवार होता" असा गोड नकार आला. पाचवा आणि बहुधा शेवटचा इंटरव्ह्यू सोमवारी होता, बर्मिंगहॅमच्या एका बँकेत. मुलाला भेटायला म्हणून आलेले आईवडील आता मुलाबरोबरच परत जायचं की काय, या काळजीत होते.

यतीनची रास मीन. साडेसाती ऐन भरात. साताऱ्याच्या शेजारीण मधुमतीबाईंनी व्हिडिओ कॉलवर उपाय सांगितला होता: शनिवारी देवळाच्या दारातून पायताण चोरीला गेलं, की साडेसाती त्याच्याबरोबर निघून जाते. त्यांच्या भाच्याचे बूट शनिवारी गेले आणि गुरुवारी बढती झाली. "पण श्यामला, लक्षात ठेव," मधुमतीबाईंनी बजावलं होतं, "ज्याचे बूट त्याला कळता कामा नये. आणि दान चालत नाही हं. चोरीच व्हायला पाहिजे. आपण होऊन दिलेलं शनिमहाराज मोजत नाहीत."

आता इंग्लंडमध्ये चोरी करून घ्यायची कुठे? या देशात लोक चर्चमध्ये बूट घालून जातात, घरात बूट घालून वावरतात, काही महाभाग तर बूट घालून पलंगावर पाय पसरतात. श्यामलाबाई मागच्या शनिवारी गावातल्या देवळात मोठ्या आशेने गेल्या होत्या. तिथल्या गुजराती काकांनी यतीनचे बूट नंबरच्या खणात ठेवले आणि बिल्ला हातात दिला. "मेल्यांनी चोरीची सोयच ठेवलेली नाही," असं त्या गाडीत बसल्याबसल्या पुटपुटल्या होत्या.

मार्ग दाखवला अन्वीने. सात वर्षांची नात, इंग्लंडमध्येच बोलायला शिकलेली. तिच्या शाळेची सहल बर्मिंगहॅमच्या अलीकडे टेकडीवर असलेल्या एका जुन्या कोरियन मंदिराला जाऊन आली होती.

"आजी, तिकडे सगळ्यांना शूज बाहेर काढायला लागते. एक मोठी रॅक आहे. अँड नोबडी इज वॉचिंग!"

हे ऐकल्यापासून श्यामलाबाईंना कोरियन संस्कृतीत भलताच रस निर्माण झाला.

"आई, परवा इंटरव्ह्यू आहे," यतीन जिन्यावरून उतरत म्हणाला. दाढी वाढलेली, अंगात तोच टीशर्ट. "मला तयारी करायचीय."

"म्हणूनच चल. डोकं शांत होईल. कोरियाचा का असेना, देव आहे ना?"

"आणि हे काय? इंटरव्ह्यूचे शूज कशाला काढलेस?"

"देवळात काय ते पळायचे बूट घालून जाणार?"

एरवी यतीनने वाद घातला असता. हल्ली त्याने तो नाद सोडला होता. त्याने मुकाट्याने बूट चढवले आणि सूनबाई निधी ते दारातून पाहत राहिली. भांडणारा नवरा तिला परवडत होता, हा गरीब गाईसारखा माणूस तिला बघवत नव्हता.

गाडीतही तिने विषय काढलाच. "यतीन, तुझं काय चुकतं सांगू? ते विचारतात, 'टेल अस अबाउट अ टाइम' आणि तू सुरू करतोस, 'वी डिड धिस, वी डिड दॅट.' त्यांना 'आय' ऐकायचं असतं रे."

"टीमने केलेलं काम मी एकट्याने केलं म्हणू?"

"एखादं तरी तू एकट्याने केलं असशील!"

यतीनने बराच वेळ आठवून पाहिलं. मग त्याने वायपर लावले.

मंदिर टेकडीच्या उतारावर होतं. ठेंगणं, लाकडी, कौलारू, छपराच्या कडा वर वळलेल्या. तीन बाजूंना मेंढ्या चरत होत्या. दाराशी काळ्या कोटातले, ताठ पाठीचे एक म्हातारे गृहस्थ उभे होते, मिस्टर ह्वांग. हे मंदिर त्यांच्याच पूर्वजाचं. चारशे वर्षांपूर्वी दुष्काळात त्याने वरिष्ठांना न विचारता सरकारी धान्याचं कोठार उघडून गाव जगवलं, म्हणून गावाने त्याच्या नावाची लाकडी पाटी इथे पुजली. पुढे ते गाव धरणाच्या पाण्याखाली जायची वेळ आली, तेव्हा इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या वंशजांनी मंदिराची तुळई न तुळई सोडवून जहाजाने इकडे आणली आणि पुन्हा उभी केली. सांगताना मिस्टर ह्वांग यांचा आवाज जड झाला.

"धरण मातीचं की काँक्रीटचं?" ज्ञानेश्वररावांनी इंग्रजीत विचारलं. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले होते.

मिस्टर ह्वांग यांना हे ठाऊक नव्हतं. ज्ञानेश्वररावांना याचं फार वाईट वाटलं.

सगळ्यांनी बूट काढून रॅकवर ठेवले, मंदिराच्या कापडी सपाता पायांत घातल्या आणि आत गेले. श्यामलाबाई सर्वांत मागे राहिल्या. इकडेतिकडे पाहून त्यांनी यतीनचे बूट रॅकवरून उचलले आणि पायरीच्या अगदी कडेला, येणाऱ्याजाणाऱ्याच्या हाताला येतील असे मांडले. मग आत जाऊन हात जोडले. "देवा, तुझी ओळखपाळख नाही," त्या मनात म्हणाल्या, "पण तूही वरच्यांना न विचारता कोठार उघडलंस. माझं काम तुला समजेल."

पाच मिनिटांनी त्या बाहेर डोकावल्या, तर बूट पुन्हा रॅकवर. एवढंच नव्हे, तर टाचा आत आणि टोकं बाहेर, म्हणजे निघताना पाहुण्याने पाय सरकवले की झालं. मिस्टर ह्वांग कमरेत वाकून एकेक जोड असाच वळवून ठेवत होते.

"आमच्याकडे पाहुण्याचे बूट असे ठेवतात," ते नम्रपणे म्हणाले.

"व्हेरी गुड," श्यामलाबाई दात ओठ खात म्हणाल्या.

दुसऱ्या खेपेला त्यांनी बूट शालीखाली घेतले आणि थेट फाटकाबाहेर कारपार्कच्या भिंतीवर नेऊन ठेवले. आडोशाला उभ्या राहिल्या. एक पळणारा तरुण आला, बुटांकडे पाहिलं, थांबला. श्यामलाबाईंनी श्वास रोखला. त्याने भिंतीवरचं पाणी बाहीने पुसलं, बूट कोरड्या जागी सरकवले आणि पुढे पळाला.

"काय देश आहे!" श्यामलाबाई हताश होऊन म्हणाल्या. शोधत आलेल्या ज्ञानेश्वररावांना हसू आवरेना.

तेवढ्यात एका बाईंचा तपकिरी कुत्रा भिंतीपाशी आला. त्याने दोन्ही बूट हुंगले, डावा तोंडात धरला आणि मेंढ्यांच्या कुरणाकडे धूम ठोकली.

"गेला! अहो, गेला!" श्यामलाबाईंनी टाळीच वाजवली.

"एकच गेला," ज्ञानेश्वरराव म्हणाले.

श्यामलाबाई विचारात पडल्या. "एक गेला तर निम्मी जात असेल. साडेसातातली पावणेचार वर्षं."

"आणि कुत्र्याने नेलं तर ती चोरी धरतात का? मधुमतीबाईंना विचार."

विचारायची वेळ आलीच नाही. कुत्र्याची मालकीण धापा टाकत बूट घेऊन परत आली, तो स्वतःच्या मफलरने पुसला, सहा वेळा सॉरी म्हणाली आणि कुत्र्यालाही सॉरी म्हणायला लावलं. कुत्रा खाली मान घालून उभा राहिला. श्यामलाबाईंना त्याच्याबद्दल सहानुभूती वाटली. त्या डोंगरावर प्रामाणिक प्रयत्न करणारा तो एकटाच होता.

आता उरली एकच जागा. मंदिराच्या मागे झाडीत एक चौकोनी कमळाचं तळं होतं. तिकडे चिटपाखरू नव्हतं. श्यामलाबाई काठावर गेल्या आणि बूट ठेवले. वेंधळेपणाने टाकून दिले असते तर पुढचं सगळं टळलं असतं. पण वस्तू वेडीवाकडी टाकणं त्यांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी टाचेला टाच जुळवली, टोकं पाण्याकडे केली, नाड्या आत खोचल्या आणि मागे वळून न पाहता चहाच्या टपरीकडे गेल्या. झाडामागून अन्वी हे सगळं पाहत होती.

"आजी, तू डॅडीची शूज तिकडे का ठेवली?"

"शू! कुणाला सांगायचं नाही. सांगितलं तर मोदक नाहीत."

अन्वीने तोंडावर बोट ठेवलं.

चहाचा दुसरा घोट घेतात न घेतात तोच शिट्टी वाजली. एकदा, दोनदा, मग वाजतच राहिली. पिवळ्या चकचकीत जॅकेटमधल्या स्वयंसेविका मार्जरीबाई तळ्याकडून धावत येत होत्या. एका हातात शिट्टी, दुसऱ्या हातात टी टॉवेलमध्ये गुंडाळलेलं काहीतरी.

"सगळ्यांनी कृपया बाहेर या! घाबरू नका!" त्या इतक्या घाबऱ्या आवाजात ओरडल्या की सगळे घाबरून सपातांतच हिरवळीवर जमा झाले. "तळ्याच्या काठावर एका गृहस्थांचे बूट सापडलेत. गृहस्थ नाहीत. पाय घसरून आत गेले असावेत. मी पोलिसांना आणि फायर ब्रिगेडला फोन केलाय."

गर्दीतून "ओ डिअर" असा एकमुखी उद्गार निघाला.

"कसे आहेत बूट?" कुणीतरी विचारलं.

"काळे, चामड्याचे, नऊ नंबर." मार्जरीबाईंनी टॉवेलवरून हात फिरवला. "इतके सुंदर पॉलिश केलेले! फार टापटिपीचा माणूस असणार."

श्यामलाबाईंनी चहाचा कप खाली ठेवला. मार्जरीबाईंनी बूट दाखवले नाहीत. कुटुंबीयांनी ते असे चारचौघांत पाहू नयेत म्हणून टॉवेल आणखी घट्ट गुंडाळला आणि पुरावा म्हणून छातीशी धरून ठेवला.

ज्ञानेश्वरराव तोवर तळ्यात छत्री बुडवून परत आले होते. "गुडघाभर पाणी आहे," त्यांनी जाहीर केलं. "यात बुडायचं तर माणसाला आधी आडवं व्हावं लागेल."

"खाली गाळ आहे, सर," मार्जरीबाई म्हणाल्या, आणि गाळाचा विषय निघाल्यावर ज्ञानेश्वररावांनाही जरा विचार करावा लागला.

दोन माणसं पँटचे पाय गुंडाळून पाण्यात उतरली. तिसरा काठीने कमळं बाजूला करू लागला. चौथा ओरडला, "तिकडे नको, इकडे!" पाचवा दोघांनाही ओरडला. एकाचं पाऊल चिखलात रुतलं आणि त्याला बाहेर काढायला आणखी दोघे उतरले. मिस्टर ह्वांग पूर्वजाच्या पाटीपाशी जाऊन कपाळ टेकवून आले.

"अहो, सांगून टाकू का?" श्यामलाबाईंनी नवऱ्याचा कोट ओढला.

"सांग! आत्ता सांग!"

"पण मग चोरी मोडते हो. यतीनला कळलं तर सगळंच गेलं. परवा इंटरव्ह्यू, पुन्हा शनिवार कुठून आणू?"

"अगं, माणसं पाण्यात उतरताहेत!"

"गुडघाभरच आहे ना? तुम्हीच मोजलंत."

त्यांचं हे चाललेलं असताना हिरवळीवरून एक आवाज घुमला. "एव्हरीबडी, स्टॉप!"

सगळे थांबले. पाण्यातलेही थांबले. आवाज यतीनचा होता. गेला दीड महिना ज्या माणसाने घरात "मीठ दे" यापलीकडे वाक्य बोललं नव्हतं, तो लाकडी बाकावर उभा होता. मागच्या नोकरीत त्याचं कामच हे होतं: काही बंद पडलं, की वीस घाबरलेल्या लोकांना शांत करून चूक कुठे आहे ते शोधायचं. कुणी सांगितलं नव्हतं, पगार मिळणार नव्हता. तरी त्याला राहवलं नाही.

"असं अंदाजाने शोधायचं नाही," तो म्हणाला. "आधी पाण्यातले सगळे बाहेर या. तुम्ही तिघं, हात धरून रांगेने या काठापासून त्या काठापर्यंत चाला, म्हणजे एकही जागा सुटणार नाही. तुम्ही कारपार्क बघा, कोणती गाडी कुणाची आहे विचारा. मॅडम, तुम्ही फाटकावर थांबा, कुणाला बाहेर सोडू नका."

बघता बघता गोंधळाची रांग झाली. इंग्रज माणसाला रांग दिली की तो निम्मा शांत होतो. निधी हातात अन्वीचा हात घट्ट धरून बघत होती. तिचा हरवलेला नवरा त्या बाकावर सापडला होता, आणि तिला एकदम रडू यायला लागलं.

"अरे हा बघा, हा माझा यतीन!" श्यामलाबाई क्षणभर सगळं विसरून शेजारच्या इंग्रज बाईंना मराठीत म्हणाल्या. त्या बाईही "लव्हली" म्हणाल्या.

तळ्यात कुणी सापडलं नाही. कारपार्कमध्ये बिनमालकाची गाडी निघाली नाही. तेव्हा यतीनने शेवटची युक्ती काढली.

"साधं आहे," तो म्हणाला. "इथे आलेल्या प्रत्येकाने बूट काढले होते. सगळ्यांनी रॅकपाशी जा आणि आपापले बूट घाला. ज्याच्या पायांत स्वतःचे बूट, तो सुखरूप. मग बघू कोण उरतं."

युक्ती इतकी बिनतोड होती की मिस्टर ह्वांग यांनी टाळ्या वाजवल्या. लोक एकेक करून गेले, बूट घालून आले आणि उजवीकडे उभे राहिले. रॅक रिकामा झाला. सगळे सुखरूप होते. आणि डाव्या बाजूला, बाकावर, भिजलेल्या कापडी सपाता घातलेला एकच माणूस उरला.

यतीन खाली उतरला. रॅकपाशी गेला. रॅकच्या मागे वाकून पाहिलं, खाली पाहिलं.

"माझे बूट नाहीत," तो म्हणाला. मग त्याचा चेहरा बदलला. "कुणीतरी माझे बूट चोरले!"

"चोरले!" श्यामलाबाई मराठीत किंचाळल्या. "तो स्वतः म्हणाला हो! चोरले!" त्यांनी डोळे मिटून आकाशाकडे हात जोडले.

नेमक्या त्याच वेळी फायर ब्रिगेडची लाल गाडी आली आणि चार जवान हवेने फुगवलेली बोट घेऊन गुडघाभर तळ्याकडे धावले. त्यांच्या मागून एक तरुण पोलीस अधिकारी आली.

मार्जरीबाई यतीनच्या पायांकडे पाहत होत्या. "सर," त्यांनी कापऱ्या आवाजात विचारलं, "तुमचा नंबर काय?"

"नऊ."

"काळे? चामड्याचे?"

यतीनने मान हलवली. मार्जरीबाईंनी टी टॉवेल उलगडला.

"हे माझे आहेत," यतीन म्हणाला.

"म्हणजे बुडालेले तुम्हीच!" मार्जरीबाईंनी त्याला कडकडून मिठी मारली आणि हिरवळीवर टाळ्यांचा कडकडाट झाला. बोटीतल्या जवानांना थांबायला सांगायचं मात्र कुणाला सुचलं नाही. ते आणखी दहा मिनिटं कमळांत शोधत होते.

पोलीस अधिकाऱ्याने टोपी मागे सरकवली. "मी नीट समजून घेते. हरवलेले गृहस्थ तुम्ही. शोध घेणारेही तुम्ही."

"हो."

"आणि तुमचे बूट तुमच्या नकळत कुणीतरी उचलून नेले. म्हणजे कायद्याने बघायचं तर चोरीच झाली."

"थेफ्ट? यू सेड थेफ्ट?" श्यामलाबाई पुढे झाल्या. "लिहा, लिहा! प्लीज राइट!"

"आता चोर कोण, हा प्रश्न आहे," अधिकारी म्हणाली.

"मला माहीत आहे," अन्वी म्हणाली. तिने आजीकडे पाहिलं, मोदकांचा विचार केला, पोलिसांच्या टोपीकडे पाहिलं. "आजीने केला."

यतीन आईकडे वळला. "आई?"

मग सांगावंच लागलं. श्यामलाबाईंनी मराठीत सांगितलं, ज्ञानेश्वररावांनी खात्यातल्या इंग्रजीत भाषांतर केलं. शनी, मीन रास, साडेसात वर्षं, शनिवार, देऊळ, मधुमतीबाईंचा भाचा. भाच्याच्या बढतीपाशी मिस्टर ह्वांग यांनी आदराने मान झुकवली.

"आणि जो बूट चोरतो, त्याचं काय होतं?" मार्जरीबाईंनी विचारलं.

"द बॅड पीरियड इज ट्रान्सफर्ड टू हिम," ज्ञानेश्वरराव म्हणाले. "विथ इमिजिएट इफेक्ट."

मार्जरीबाईंनी हातातले बूट चटकन मिस्टर ह्वांग यांच्याकडे दिले. मिस्टर ह्वांग यांनी अतिशय नम्रपणे, दोन्ही हातांनी, ते पोलीस अधिकाऱ्याकडे दिले. अधिकाऱ्याने पुरावा लागणार नाही असं सांगून ते रॅकवर ठेवले, आणि रॅकपाशी उभे असलेले सगळे एक पाऊल मागे सरकले.

"आई, काय हे!" यतीनचा आवाज चढला होता, पण त्यातला राग मध्येच विरून गेला. "एवढं कशासाठी? नाही मिळाली नोकरी तर येतो ना साताऱ्याला. तूच तर दर वर्षी म्हणतेस, परत ये म्हणून."

"ये की. कधीही ये," श्यामलाबाई म्हणाल्या. त्यांनी पदराने नाक पुसलं. "पण मान वर करून ये. असा खाली मान घालून आलेला तू मला दारात बघवायचा नाहीस रे."

यतीनने रॅकवरचे बूट घेतले, घातले, आईच्या खांद्यावर हात टाकला आणि गाडीकडे चालू लागला. मागून मिस्टर ह्वांग ज्ञानेश्वररावांना सांगत आले की धरणाबद्दल ते कोरियाला फोन करून नक्की विचारतील.

सोमवारी इंटरव्ह्यूला तीन माणसं होती. मधल्या बाईंनी चष्मा सावरून विचारलं, "अशा प्रसंगाबद्दल सांगा, जेव्हा तुम्ही स्वतः पुढाकार घेऊन संकट हाताळलंत."

यतीनने तोंड उघडलं. सवयीने "वी" जिभेवर आलं, पण या प्रसंगात दुसरं कुणी नव्हतंच. "आय," तो म्हणाला, आणि मग त्याने तळं, रांगा, कारपार्क, फाटक आणि रॅक सगळं सांगितलं.

"आणि हरवलेला माणूस सापडला?"

"तासाभरात. सुखरूप."

"कुठे होता?"

"शोधपथकाचं नेतृत्व करत होता."

असं म्हणतात की त्या बँकेत एवढ्या मोठ्याने हसणं पूर्वी कधी ऐकू आलं नव्हतं. उजवीकडच्या गृहस्थांना पाणी आणून द्यावं लागलं. बुधवारी फोन आला. नोकरी, व्हिसा, सगळं. निधीने यतीनला मिठी मारली, अन्वीने दोघांना मिठी मारली, आणि श्यामलाबाईंनी देवापुढे साखर ठेवली.

"बघ," रात्री ज्ञानेश्वरराव म्हणाले, "बूट चोरीला न जाता काम झालं. सगळं थोतांड आहे."

"न जाता कसे?" श्यामलाबाई शांतपणे म्हणाल्या. "गेले की चोरीला. पोलीस स्वतः म्हणाली, चोरी झाली. मी चोरले, त्याच्या नकळत."

"म्हणजे?"

"म्हणजे त्याची गेली आणि माझ्याकडे आली. असू दे. मला आता काय व्हायचंय? काढीन साडेसात वर्षं."

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅसवरचं दूध उतू गेलं. "आली बघा," श्यामलाबाई ओटा पुसत समाधानाने म्हणाल्या. दुपारी त्यांची छत्री बसमध्ये राहिली. संध्याकाळी गुडघा धरला. प्रत्येक वेळी त्या अगदी खुशीत होत्या, कारण यातलं प्रत्येक दुखणं एरवी यतीनच्या वाट्याला आलं असतं. ज्ञानेश्वरराव मात्र "थोतांड, निव्वळ थोतांड" म्हणत घरभर येरझाऱ्या घालत राहिले.

शनिवारी सकाळी श्यामलाबाई फिरायला निघाल्या, तर त्यांच्या चपला सापडेनात. दारामागे नाहीत, कपाटात नाहीत, जिन्याखाली नाहीत.

"अहो, माझ्या चपला पाहिल्यात का?" त्यांनी हाक मारली.

मग त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. गल्लीच्या टोकाशी ज्ञानेश्वरराव कोटाची सगळी बटणं लावून, दोन्ही हातांनी कोटाखालचं फुगलेलं पोट सांभाळत, देवळाच्या बसकडे लगबगीने चालले होते.